कॅम्पर ओढायला डिझेल पिकअप घ्यायचाय? अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांसाठी पायरी-पायरीने

अमेरिकेत दोन-चार वर्षं काढली, मुलं जरा मोठी झाली, नॅशनल पार्क बघायची गोडी लागली की बऱ्याच घरांत कॅम्परचा, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घराचा, विषय निघतो. मग प्रश्न येतो तो ओढायचा कशाने. आपल्याकडे पिकअप म्हणजे भाजी-सिमेंट वाहणारी गाडी, त्यामुळे इथल्या साठ-ऐंशी हजार डॉलरच्या ट्रकांसमोर उभं राहिलं की कुठून सुरुवात करावी तेच कळत नाही. सेल्समन टॉर्क सांगतो, मित्र कंपनीचं नाव सांगतो, आणि ज्या आकड्यावर सगळं ठरतं तो दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. आम्ही कोलोरॅडोत राहतो. ट्रक रोज ऑफिसला जातो आणि उन्हाळ्यात तोच कॅम्पर घेऊन डोंगर चढतो. नव्याने घेणाऱ्याला क्रमाने काय बघावं लागतं ते इथे लिहितोय.

१. आधी कॅम्पर ठरवा, मग ट्रक

बहुतेक जण हे उलट करतात. ट्रक आधी घेतात, वर्षभराने कॅम्पर बघायला जातात आणि मग ट्रक कमी पडतो. कॅम्पर विकत घेतलेला नसला तरी चालेल, पण त्याचा प्रकार आणि वजन नक्की हवं.

प्रकार दोन. ट्रॅव्हल ट्रेलर ट्रकच्या मागच्या हिचच्या, म्हणजे जोडणीच्या, गोळ्याला जोडतात. फिफ्थ व्हील ट्रकच्या हौद्यात बसवलेल्या हिचवर टेकतो. ट्रॅव्हल ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार ट्रकवर येतो, त्याला इथे सगळे टंग वेट म्हणतात. फिफ्थ व्हीलमध्ये हा भार १५ ते २५ टक्के असतो आणि त्याला पिन वेट म्हणतात. पुढचा सगळा हिशेब या एका भारावर उभा आहे.

कॅम्परच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरात ‘ड्राय वेट’ लिहिलेलं असतं. ते विसरा. त्यात पाणी नाही, सामान नाही, बहुतेक वेळा बॅटरी आणि गॅसच्या टाक्याही नाहीत. ५० गॅलनची पाण्याची टाकी भरली की ४०० पौंडांहून जास्त वजन वाढतं. त्यात आपलं स्वयंपाकघर म्हणजे कुकर, तवे, तांदूळ-पिठाचे डबे, वर पाहुण्यांसाठी जादा अंथरुणं. म्हणून हिशेबाला नेहमी कॅम्परचा जीव्हीडब्ल्यूआर धरा, म्हणजे भरल्यावर त्याचं जास्तीत जास्त जेवढं वजन चालतं तो आकडा. तो कॅम्परच्या डाव्या बाजूला पुढे लावलेल्या स्टिकरवर असतो.

२. डिझेल खरंच हवंय का ते तपासा

रोजची धाव पाच-सात मैलांची असेल, तीही सिग्नलमधून, तर डिझेल घेऊ नका. मी हे ठामपणे सांगतो, कारण या एका गोष्टीमुळे लोक सगळ्यात जास्त हैराण होतात.

२००७ नंतरच्या डिझेल पिकअपमध्ये धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. तो भरला की इंजिन जादा इंधन जाळून त्याचं तापमान वाढवतं आणि काजळी जाळून टाकतं. याला रीजनरेशन म्हणतात. ते नीट पूर्ण व्हायला हायवेच्या वेगाने साधारण वीस मिनिटं ते अर्धा तास गाडी चालावी लागते. रोज मुलांना शाळेत सोडून परत येण्यात इंजिन धड तापतही नाही. रीजनरेशन अर्धवट राहतं, फिल्टर तुंबतो, जादा इंधन ऑइलमध्ये उतरतं, डॅशबोर्डवर दिवे लागतात, आणि एका हद्दीनंतर ट्रक स्वतःची ताकद कापून घेतो.

याउलट रोजचा रस्ता हायवेचा असेल, एका बाजूला पंधरा-वीस मैल किंवा जास्त, तर डिझेल आनंदाने चालतं. मधली परिस्थिती असेल तर आठवड्यातून एकदा तासभर हायवेवर न्यायची सवय लावावी लागते.

डिझेल इंजिनासाठी साधारण दहा हजार डॉलर जास्त मोजावे लागतात. डिझेल बहुतेक काळ पेट्रोलपेक्षा महाग असतं. फिल्टर आणि ऑइलचा खर्चही वेगळा: फोर्डच्या ६.७ लिटर इंजिनात १३ क्वार्ट ऑइल लागतं, रॅमच्या कमिन्स इंजिनात १२, जीएमच्या ड्युरामॅक्समध्ये १०. कॅम्पर ६,००० पौंडांच्या आत असेल आणि वर्षातून तीन-चार वेळाच निघणार असेल, तर हेवी ड्यूटीतलाच, म्हणजे जड कामाच्या वर्गातलाच, पेट्रोल ट्रक बघा. फोर्डचं ७.३, जीएमचं ६.६ आणि रॅमचं ६.४ लिटर अशी इंजिनं मिळतात. पेट्रोल इंजिन हलकं असल्याने त्याच ट्रकची भार उचलायची क्षमताही वाढते.

मग डिझेलचा फायदा कुठे? डोंगरात. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन दर हजार फूट उंचीला साधारण ३ टक्के ताकद गमावतं. डेन्व्हरच्या पश्चिमेला आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे. तिथे पोचेपर्यंत तसल्या इंजिनाची जवळपास एक तृतीयांश ताकद गेलेली असते. टर्बो डिझेलला हा फटका फार कमी बसतो. चढण्यापेक्षा उतरताना तर फरक जास्तच जाणवतो. त्या रस्त्याला ७ टक्क्यांचे उतार आहेत. बोरघाट किंवा खंबाटकी उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवायची हे आपल्याला शिकवलेलं असतं. डिझेल ट्रकमध्ये त्यासाठी एक्झॉस्ट ब्रेकचं बटण असतं. ते दाबलं की टर्बोची पाती मिटतात, धुराला वाट कमी मिळते आणि इंजिनच गाडीला रोखून धरतं. ब्रेकला पाय फारसा न लावता आठ-नऊ हजार पौंडांचा कॅम्पर संथ उतरतो. मागे मुलं बसलेली असताना या बटणाची किंमत कळते.

३. दाराच्या चौकटीवरचं स्टिकर वाचा

ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीवर एक पांढरं स्टिकर दिसेल, वर पिवळी पट्टी असलेलं. त्यावर ‘माणसं आणि सामान मिळून इतक्या किलो किंवा इतक्या पौंडांपेक्षा जास्त नको’ असं इंग्रजीत लिहिलेलं असतं. हा त्या ट्रकचा पेलोड. एकाच मॉडेलच्या शेजारी उभ्या दोन ट्रकांवर हा आकडा वेगळा असतो, कारण सनरूफ, मोठी चाकं, विजेची पायरी अशा प्रत्येक गोष्टीचं वजन त्यातून वजा झालेलं असतं. ब्रोशरमधला पेलोड तुमच्या ट्रकचा नसतो.

आता हिशेब करू. कॅम्परचा जीव्हीडब्ल्यूआर ८,८०० पौंड. त्याचे १३ टक्के धरले तर टंग वेट १,१४४. वेट डिस्ट्रिब्युशन हिच, म्हणजे मागे आलेला भार पुढच्या चाकांवरही वाटणारी जोडणी, १००. आई-वडील आणि दोन वाढती मुलं मिळून ६००. हौद्यात सायकली, जनरेटर, लाकडं, कूलर असे २५०. बेरीज २,०९४. आणि जूनमध्ये भारतातून आजी-आजोबा आले तर आणखी २८०, म्हणजे २,३७४ पौंड.

चार दारांचा, फोर बाय फोर, चांगल्या ट्रिमचा तीन-चतुर्थांश टनी डिझेल ट्रक घेतलात, म्हणजे ज्याच्या नावात २५० किंवा २५०० आहे, तर स्टिकरवर अनेकदा २,००० च्या आसपास आकडा दिसतो. याच ट्रकची ओढायची क्षमता ब्रोशरमध्ये १५,००० च्या वर लिहिलेली असते. म्हणजे ओढण्याच्या क्षमतेचा बराच भाग शिल्लक आहे आणि पेलोड मात्र संपलाय. हेवी ड्यूटी ट्रकमध्ये हेच सर्रास होतं. असे अनेक ट्रक १०,००० पौंडांच्या जीव्हीडब्ल्यूआरवर अडवलेले असतात, आणि जड डिझेल इंजिन त्यातलाच वाटा खातं.

उपाय सोपा आहे: एक टनी ट्रक, म्हणजे ३५० किंवा ३५००, मागे प्रत्येक बाजूला एकच चाक असलेला. बाहेरून तो जवळजवळ तसाच दिसतो, तेवढ्याच जागेत मावतो, किमतीत फरक फार नसतो, आणि डिझेलमध्येही पेलोड ३,५०० च्या आसपास मिळू शकतो. डिझेल आणि कॅम्पर दोन्ही नक्की असतील तर सरळ एक टनीच बघा. १४,००० पौंडांच्या फिफ्थ व्हीलला २० टक्क्यांनी २,८०० चा पिन वेट येतो, तिथे तीन-चतुर्थांश टनीचा विचारही नको. त्याहून जड असेल तर मागे चार चाकांचा, म्हणजे ड्यूअली. पण तो रोज ऑफिसला नेणं त्रासाचं आहे, त्याची रुंदी लेनमध्ये आणि पार्किंगमध्ये सारखी आडवी येते.

मागच्या स्प्रिंगना आधार द्यायला हवेच्या पिशव्या (एअर बॅग) बसवल्या की क्षमता वाढते असं कुणी सांगेल. ट्रक आडवा सरळ दिसेल, स्टिकर बदलणार नाही.

४. तीन कंपन्या, तीन स्वभाव

तिन्ही ट्रक चांगले आहेत आणि तिन्ही हा कॅम्पर ओढतील. नव्या ट्रकात डिझेल इंजिनाला तिघांचीही किमान ५ वर्षं किंवा १ लाख मैलांची वॉरंटी असते. टॉर्कच्या चढाओढीत पडू नका, रोजच्या वापरात फरक दुसरीकडे आहेत.

फोर्ड सुपर ड्यूटीत ६.७ लिटरचं व्ही-८ पॉवर स्ट्रोक इंजिन २०११ पासून आहे आणि २०२० पासून १० गिअरचा ऑटोमॅटिक. ओढताना मदत करणारे कॅमेरे आणि सेन्सर यांत फोर्ड पुढे आहे असं माझं मत.

जीएमच्या शेवरले सिल्व्हराडो आणि जीएमसी सिएरा यांत ६.६ लिटरचं ड्युरामॅक्स, २०२० पासून ॲलिसनच्या नावाचा १० गिअरचा बॉक्स. पुढचं सस्पेन्शन दोन्ही चाकांना स्वतंत्र आहे, त्यामुळे रिकामा ट्रक खड्ड्यांत कमी आदळतो आणि स्टिअरिंग मोटारीच्या जवळचं वाटतं. रोज चालवणं जास्त आणि ओढणं कमी असेल तर आधी हा चालवून बघा.

रॅममध्ये ६.७ लिटरचं कमिन्स, सहा सिलिंडर एका ओळीत. रचना साधी, बॉनेटखाली हात घालायला जागा भरपूर. २५०० मध्ये मागे कॉइल स्प्रिंग असल्याने बसायला मऊ, ३५०० मध्ये पाटे. २०२५ च्या मॉडेलपासून ८ गिअर आले, त्याआधी ६ होते.

शेवटी घरापासून अर्ध्या तासात डिझेलचं काम करणारा चांगला मेकॅनिक ज्या कंपनीसाठी आहे, तिला झुकतं माप द्या.

५. जुना घेत असाल तर

- मी येण्याआधी इंजिन सुरू करू नका असं मालकाला सांगा. बॉनेटला हात लावून बघा, थंड हवं. थंड असताना सुरू होताना डिझेल खरं बोलतं.
- ‘डिलीट’ केलेला ट्रक घेऊ नका. म्हणजे डीपीएफ आणि बाकी प्रदूषण यंत्रणा काढून टाकलेला. जाहिरातीत हा गुण म्हणून सांगतात. फेडरल क्लीन एअर ॲक्टनुसार हे बेकायदा आहे, आणि कॅलिफोर्नियासारख्या राज्यात तो प्रदूषण तपासणीत नापास होईल. खाली वाकून बघा, सायलेन्सरच्या जागी सरळ नवा पाइप दिसला तर नमस्कार करून निघा.
- सीपी-४ नावाच्या हाय प्रेशर इंधन पंपाची चौकशी करा. जीएमच्या २०११ ते २०१६, फोर्डच्या २०११ पासूनच्या आणि रॅमच्या २०१९-२०२० च्या डिझेलमध्ये तो आहे. तो आतून झिजला की धातूचे कण सगळ्या इंधन यंत्रणेत जातात आणि दुरुस्ती हजारो डॉलरची होते. रॅमने ते ट्रक परत बोलावून पंप बदलून दिले, तुमच्या ट्रकचा बदलला का ते एनएचटीएसए या रस्ता सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या वेबसाइटवर व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, टाकून बघता येतं. इतरांत इंधन फिल्टर वेळेवर बदलल्याच्या पावत्या मागा.
- फोर्डची २००३ ते २०१० मधली ६.० आणि ६.४ लिटरची इंजिनं स्वस्तात दिसतील. नवख्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये.
- शंभर-दोनशे डॉलर देऊन डिझेलच्या मेकॅनिककडून तपासून घ्या. विकणारा नाही म्हणाला तर दुसरा ट्रक बघा.

६. रोजच्या जगण्यात मावतो का

चार दारं आणि आखूड हौदा घेतला तरी ट्रक जवळपास २१ फूट लांब असतो, उंची पावणेसात फुटांच्या आसपास. टेप घेऊन घरचं गॅरेज मोजा, ऑफिसच्या पार्किंगची उंची बघा, विमानतळावरच्या गॅरेजची पाटी बघा. घरच्या एचओएचे, म्हणजे इथल्या सोसायटीचे, नियमही वाचा, अनेक ठिकाणी कॅम्पर दारात उभा करू देत नाहीत. मग स्टोरेजचं मासिक भाडं धरावं लागतं.

टेस्ट ड्राइव्हला घरातल्या सगळ्यांना न्या. आजीला साडीत चढता येतं का हे शोरूममध्येच बघावं. पायरी खाली येणारी असेल आणि आतल्या खांबाला मूठ असेल तर चढता येतं, नाहीतर प्रत्येक थांब्याला दोघांनी हात द्यायचा. रिकामा ट्रक खराब रस्त्यावरून चालवा, मागच्या सीटवर तुम्ही स्वतः बसा.

आखूड हौद्यावर फिफ्थ व्हील घेणार असाल तर वळताना कॅम्परचा कोपरा केबिनला लागू नये म्हणून सरकणारी हिच लागू शकते. आठ फुटी हौद्यात ही काळजी नसते, पण पार्किंग अवघड होतं.

७. कागदपत्रं, कर्ज, लायसन्स

जवळ ठेवा:
- ड्रायव्हिंग लायसन्स आणि पासपोर्ट
- व्हिसावर असाल तर आय-७९७ आणि आय-९४
- सोशल सिक्युरिटी क्रमांक
- अलीकडच्या पे स्लिप
- पत्त्याचा पुरावा
- नव्या ट्रकच्या नावाने विम्याचा कागद
- जुना ट्रक असेल तर मालकाच्या नावाचं टायटल (मालकीचा कागद), बिल ऑफ सेल आणि ओडोमीटरचं निवेदन

एच-१बी वर असताना काही बँका कर्जाची मुदत व्हिसाच्या मुदतीपर्यंतच देतात. आधी क्रेडिट युनियनकडून मंजुरी घेऊन मगच डीलरकडे जा. तिथे मासिक हप्त्यावर बोलणी करू नका, कर आणि सगळ्या फी धरून एकूण किती, तेवढंच विचारा.

ट्रक आणि ट्रेलर मिळून २६,००० पौंडांच्या आत, घरगुती वापर, तर व्यावसायिक लायसन्स लागत नाही. पण राज्याचे नियम वेगळे असतात. कॅलिफोर्नियात १०,००० पौंडांवरचा ट्रॅव्हल ट्रेलर किंवा १५,००० वरचा फिफ्थ व्हील ओढायला अव्यावसायिक क्लास ए लायसन्स लागतं, आणि ट्रेलर मागे असताना वेगमर्यादा ताशी ५५ मैल आहे. आपल्या राज्याच्या डीएमव्हीचं, म्हणजे इथल्या आरटीओचं, पान वाचा.

विम्यात एक खाच आहे. दुसऱ्याचं नुकसान झालं तर ट्रकचा विमा बहुधा ट्रेलरलाही लागू होतो, पण तुमच्या कॅम्परचं नुकसान त्यात नसतं. त्याचा विमा वेगळा काढा.

८. लागणारी साधनं

- वेट डिस्ट्रिब्युशन हिच, डोलणं रोखणाऱ्या सोयीसह
- ट्रेलर ब्रेक कंट्रोलर, कॅम्परचे ब्रेक ट्रकमधून लावायला (नव्या ट्रकांत बहुतेक कंपनीचाच असतो, जुन्यात तपासा)
- सात पिनांचं कनेक्शन, जादा फ्यूज
- ८० पीएसआयपर्यंत मोजणारा हवेचा गेज आणि तेवढा दाब देणारा कंप्रेसर
- टॉर्क रेंच, कॅम्परच्या चाकांचे नट आवळायला
- चाकांखालची अडणी, लेव्हल, लांब आरसे

कॅम्परच्या टायरची तारीख बघा. खाचा कोऱ्या दिसल्या तरी वयाने ते आतून सुटतात.

९. पंपावर

डिझेलची नळी बहुतेक ठिकाणी हिरवी असते, पण काही पंपांवर पेट्रोलची हिरवी असते. रंगावर जाऊ नका, अक्षरं वाचा. पेट्रोलची नळी डिझेलच्या टाकीत सहज जाते. चुकून भरलंच तर किल्ली फिरवू नका, टो ट्रक बोलवा.

निळ्या झाकणात डीईएफ, म्हणजे धुरातलं प्रदूषण कमी करणारं युरियाचं पाणी. ते डिझेलच्या टाकीत कधीही जाता कामा नये. ओढताना ते भराभर संपतं. उणे ११ सेल्सियसला ते गोठतं, पण टाकीत हीटर असतो, घाबरू नका. कडक थंडीत डिझेलच दाट होतं, तेव्हा स्थानिक पंपावरचं हिवाळी डिझेल आणि अँटी-जेल वापरा. टेक्सासमध्ये भरलेली टाकी घेऊन जानेवारीत कोलोरॅडोत येणारे इथे अडकतात. लाल रंगाचं डिझेल शेतीचं, रस्त्यावर बेकायदा.

१०. वजन करा

पहिल्या मोठ्या प्रवासाआधी सगळं भरून, सगळ्यांना बसवून ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे गाड्यांच्या वजनकाट्यावर, जा. पुढची चाकं पहिल्या पट्ट्यावर, मागची दुसऱ्यावर, कॅम्परची तिसऱ्यावर. बटण दाबून पहिलं वजन असल्याचं सांगा आणि पावती घ्या. मग कॅम्पर बाजूला सोडून फक्त ट्रकचं वजन करा, दुसऱ्यांदा खर्च कमी येतो. दोन्ही पावत्यांवरच्या ट्रकच्या वजनातल्या फरकावरून टंग वेटचा अंदाज येतो.

पहिल्या पावतीवरच्या ट्रकच्या दोन्ही ॲक्सलची बेरीज दारावरच्या जीव्हीडब्ल्यूआरपेक्षा कमी हवी, आणि मागचा ॲक्सल त्याच्या स्वतःच्या मर्यादेत. पुढचा ॲक्सल कॅम्पर लावल्यावर फार हलका झाला असेल तर हिचचे बार आणखी घट्ट करा. टंग वेट १० टक्क्यांच्या खाली असेल तर कॅम्परमधलं जड सामान पुढे सरकवा, मागे भार असला की तो हायवेवर डोलू लागतो. मागचा ॲक्सल भरला असेल तर हौद्यातला जनरेटर आणि लाकडं कमी करा. लाकडं कॅम्पग्राउंडजवळच विकत मिळतात, आणि अनेक राज्यांत किडींमुळे लांबून आणायला बंदीही आहे. बदल केलात तर पुन्हा वजन करा.